पिकअपमध्ये बाहेरून बसवलेलं सीट हीटर: बिघाड, शोध आणि फेरजोडणी

गाडी चार दारांची पिकअप. पुढे दोन सुट्या सीट, मधे कन्सोल, कापडी कव्हर, सीट मागेपुढे सरकवायला हाताचा दांडा. दोन्ही सीटच्या पाठीत बाहेरच्या कडेला साइड एअरबॅग आणि प्रवाशाच्या बैठकीखाली वजन ओळखणारी प्रणाली. कारखान्यातून हीटर आलेलं नव्हतं. नंतर कोणीतरी बाजारातलं कार्बन फायबरचं किट बसवून दिलं होतं: दर सीटला दोन पॅड, एक बैठकीत आणि एक पाठीत, शिवाय 'हाय', 'बंद' आणि 'लो' असा तीन जागांचा स्विच.

गाडी कामाची आहे. चालक दिवसभर चढउतार करतो आणि मागचं सामान ओढायला चालकाच्या सीटवर गुडघा टेकवून वाकतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

तक्रारी चार होत्या. चालकाची सीट 'लो'वर अजिबात तापत नाही, 'हाय'वर फक्त पाठ तापते आणि तीही चांगलीच. लाइटर सॉकेटचा फ्यूज अधूनमधून जायचा, चाकात हवा भरायचा पंप बराच वेळ चालवला की हमखास. रात्रभर उभी राहिल्यावर कधीकधी सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला राहतो, शिवाय प्रवाशाची सीट रिकामी असतानाही बेल्टची घंटी वाजते.

मालकाचं म्हणणं असं की किटच भिकार आहे, दुसरं बसवा. प्रत्यक्षात किटमधलं एकच पॅड गेलेलं निघालं. बाकी सगळा दोष बसवणाऱ्याच्या हाताचा होता.

सीट उघडण्याआधी

पहिल्या तक्रारीतच अर्धं उत्तर होतं. या प्रकारच्या किटमध्ये 'हाय'वर दोन्ही पॅड समांतर जोडले जातात आणि 'लो'वर एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसरीत. एक पॅड तुटलं की एकसरीतला मार्गच खुंटतो, म्हणून 'लो' पूर्ण बंद. समांतर जोडणीत शाबूत पॅड आपलं काम करत राहतं, म्हणून 'हाय'वर पाठ गरम. थोडक्यात, स्विच ठीक आहे, फ्यूज ठीक आहे, बैठकीचं पॅड तुटलेलं आहे, हे सीटला हात न लावता सांगता येतं. ज्या किटमध्ये 'लो' इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, वीज झपाझप चालूबंद करून मिळवतात, तिथे हे लक्षण दिसणार नाही. तिथे दोन्ही स्थितींत पाठ गरम राहील.

सीटखालचे पॅडचे कनेक्टर सोडवून थंड सीटवर मीटर लावलं. चालकाच्या पाठीचं पॅड ६.१ ओहम, बैठकीचं पॅड उघडं, म्हणजे आतला मार्ग तुटलेला. प्रवाशाची दोन्ही पॅड ६.० आणि ६.२. थंड सीटवरच मोजायचं, कारण पॅडमधला थर्मोस्टॅट तापल्यावर उघडतो आणि गरम सीटवर धडधाकट पॅडही तुटल्यासारखं वाचतं. पिवळ्या कनेक्टरच्या, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना ओहममीटर कधीही लावायचं नाही. मीटरचा तेवढासा प्रवाहही धोक्याचा.

६ ओहमची दोन पॅड समांतर म्हणजे ३ ओहम. १३.८ व्होल्टला साधारण ४.६ अँपिअर, ६३ वॅट. तीच एकसरीत १२ ओहम: १.१५ अँपिअर, १६ वॅट. म्हणजे 'लो' हे 'हाय'च्या निम्मं नसून पाव असतं. 'लो फारच मंद आहे' म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत काहीच बिघडलेलं नसतं.

पाठ 'चांगलीच' तापत होती, त्याकडे मालकाने कौतुकाने पाहिलं होतं. ती सगळ्यांत काळजीची गोष्ट होती. या किटचा एकमेव थर्मोस्टॅट बैठकीच्या पॅडमध्ये आहे आणि दोन्ही पॅडचा परतीचा प्रवाह त्यातूनच जातो. बैठकीचं तापतं अंग मेलेलं, थर्मोस्टॅट मात्र जिवंत. त्याला कायम थंडच जाणवणार, म्हणून तो कधी उघडणार नाही आणि पाठीचं पॅड लगाम नसल्यासारखं चालत राहणार. मोरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवलं होतं की ४४ अंश सेल्सिअसला त्वचा साधारण ६ तास राहिली तरी भाजते आणि त्यापुढे तापमान दर अंशाने वाढलं की ही मुदत जवळपास निम्मी होत जाते. मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका कळतच नाही. हीटरला तापमानाचा लगाम हवा तो यासाठी.

वीज कुठून घेतली होती

कन्सोलचं झाकण काढल्यावर लाइटर सॉकेटच्या वायरवर दाबून बसवायची निळी क्लिप दिसली. ही क्लिप मूळ वायरचं आवरण कापून आतल्या तांब्याला टेकते. रेडिओसारख्या किरकोळ कामाला ती कशीबशी चालते, सतत ५-६ अँपिअर ओढणाऱ्या हीटरला नाही. क्लिपचं प्लॅस्टिक एका बाजूने वितळलेलं होतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि सीटखालच्या कनेक्टरवर १२.५. वाटेत १.३ व्होल्ट गळत होते. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने पॅडना मिळणारी ऊब १८ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि गळलेली वीज जवळपास ८ वॅटची उष्णता बनून वायरीत आणि सांध्यात जमत होती.

फ्यूजच्या पेटीत सॉकेटच्या जागी २० छापलेलं, आत बसवलेला फ्यूज ३० चा. सारखा फ्यूज जातो म्हटल्यावर बहुतेक जण हेच करतात. वायर मात्र २० ला पुरेल एवढीच जाड राहते.

फ्यूज 'कधी जातो, कधी टिकतो' यामागे काही गूढ नाही. पात्याचा फ्यूज आपल्या आकड्याच्या ११० टक्के प्रवाह तासनतास वाहून नेतो आणि १३५ टक्क्यांना त्याने १० मिनिटांच्या आत जायचं असतं. सीटचे ६ आणि पंपाचे भरात आल्यावर १८, मिळून २४ अँपिअर, म्हणजे २० च्या फ्यूजला १२० टक्के. नेमका त्या करड्या पट्ट्यात. एक चाक भरताना टिकायचा, चारही भरायला घेतली की जायचा.

बॅटरीचंही मूळ इथेच. या गाडीचा सॉकेट किल्ली काढल्यावरही जिवंत राहतो. प्रवाशाचा स्विच 'हाय'वर राहिला, उन्हात त्याचा छोटा दिवा कोणाला दिसला नाही, की इंजिन बंद असतानाही सीट ४ अँपिअर ओढत राहणार. थर्मोस्टॅट मधूनमधून तोडतो खरा, पण थंडीच्या रात्री रिकाम्या सीटवर तो फारसा तोडत नाही. १२ तासांत ५० अँपिअर-तासांच्या आसपास मजल जाते. ७० च्या, वर थंडीने मरगळलेल्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवण्याइतका दम उरत नाही.

सीट बाहेर

सीट मागे ढकलून पुढचे दोन बोल्ट, पुढे ओढून मागचे दोन सैल केले. मग बॅटरीचं ऋण टर्मिनल काढून वेगळं बांधलं. क्रम हाच ठेवावा, कारण विजेवर सरकणारी सीट असेल तर बॅटरी काढल्यावर ती जागची हलत नाही. एअरबॅगच्या नियंत्रकात साठलेली वीज उतरायला दुरुस्ती पुस्तिकेत वेळ दिलेला असतो, कुठे १ मिनिट, कुठे १० किंवा जास्त. पुस्तिका हाताशी नसेल तर सरळ १५ मिनिटं थांबावं. त्यानंतरच पिवळा कनेक्टर सोडवायचा आणि सीट परत जोडली जाईपर्यंत किल्ली फिरवायची नाही. आधीच्या माणसाने नेमकं तेच केलं असणार. स्कॅनरवर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, साइड एअरबॅगच्या मार्गात खंड पडल्याचा जुना कोड साठलेला होता आणि कनेक्टर तर आता नीट बसलेला होता. एअरबॅगचा दिवा तेवढ्यामुळेच पेटला होता.

सीट उचलणं दोन माणसांचं काम. वजन फार नसतं, पण रुळाचे धारदार पाय दाराच्या चौकटीचा रंग आणि प्लॅस्टिकची पट्टी सहज खरवडतात. पट्टीवर जाड घोंगडी टाकावी.

बैठकीचं कव्हर खालच्या चौकटीला प्लॅस्टिकच्या आकड्याच्या पट्ट्यांनी अडकवलेलं असतं. पट्टी आत दाबून फिरवली की सुटते, उपसायला गेलं की तुटते. वरच्या बाजूला कव्हरला शिवलेली तार फोममधल्या आडव्या खाचेत उतरते आणि धातूच्या कड्यांनी, म्हणजे हॉग रिंगनी, खालच्या तारेला बांधलेली असते. कड्या कापण्याआधी फोटो घ्यावा आणि कडी कुठे कुठे आहे ते फोमवर खडूने टिपावं. हे चालकाच्या सीटपेक्षा प्रवाशाच्या सीटला जास्त महत्त्वाचं का, ते पुढे येईल.

खाच: पॅड इथेच मरतात

कव्हर उलटल्यावर कारण समोर पडलं होतं. बैठकीचं अखंड पॅड खाचेवरून सरळ पसरलं होतं आणि त्यावरून कव्हरची तार खेचून कड्या पॅडच्या आरपार मारल्या होत्या. पॅड खाचेत दुमडलं गेलं होतं. डाव्या कडेच्या दुमडीजवळ पॅडच्या काठाने धावणारी तांब्याची वाहक पट्टी तुटली होती आणि तिथे फोम नाण्याएवढा तपकिरी झाला होता. चालक गुडघा टेकवतो ती बाजू तीच.

तुटताना काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. वाहकाचे धागे एकेक करून तुटतात, उरलेल्या मोजक्या धाग्यांतून सगळा प्रवाह जातो, तेवढाच बिंदू तापतो आणि शेवटचा धागा तुटताना ठिणगी पडते. फ्यूजला यातलं काही कळत नाही, कारण प्रवाह वाढत नाही, उलट घटतो. म्हणून सीटमधल्या अशा डागाला मोठा फ्यूज किंवा छोटा फ्यूज हे उत्तर नाही. पॅडवर घडी पडू न देणं हेच उत्तर.

कार्बनच्या पॅडची रचना शिडीसारखी असते. दोन्ही लांब कडांना वाहक पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडवे कार्बनचे पट्टे. म्हणूनच हे पॅड कापता येतं. कडांचे वाहक शाबूत ठेवून मधला भाग काढला तर फक्त तेवढे पट्टे जातात, बाकीचे पहिल्यासारखे तापतात. पॅडची एकूण वॅट कमी होते, पण दर चौरस सेंटिमीटरला मिळणारी ऊब तीच राहते. वायर ज्या टोकाला येतात ते टोक मात्र कापायचं नाही. आणि ज्या किटमध्ये एकच लांब वायर नागमोडी शिवलेली असते ते पॅड कुठेच कापता येत नाही. एक काप म्हणजे पॅड कचऱ्यात. खोल खाचांची सीट असेल तर तसं किट घेऊच नये.

चालकाच्या बैठकीला नवं पॅड घेतलं, तापता भाग ५० सेंटिमीटर लांब, ६.० ओहम. ते फोमवर नुसतं ठेवून खाचेची जागा पेनाने आखली. वायरचं टोक मागे, पाठीच्या सांध्याकडे. पुढचा काठ बैठकीच्या पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटर आत, म्हणजे चढताना मांडी घासते त्या वळणाच्या अलीकडे. पुढचं टोक ४ सेंटिमीटरने छाटलं. खाचेच्या जागी, कडांच्या वाहकांपासून २ सेंटिमीटर आत राहून, ६ सेंटिमीटर रुंदीची खिडकी कापली. आता खाच ओलांडतात त्या फक्त कडेच्या दोन अरुंद पट्ट्या. त्यांना खाचेत दीड-दोन सेंटिमीटर ढील दिली, म्हणजे कव्हर खेचलं तरी त्या ताणल्या जात नाहीत. कापलेल्या कडांवर कापडी टेप. सगळ्या कड्या खिडकीतून जातात, पॅडला एकही टोचत नाही.

कापल्यावर मीटर लावलंच पाहिजे. ५० पैकी ४० सेंटिमीटर उरलं, म्हणून ६.० चे ७.५ ओहम व्हायला हवेत, आणि झाले. आकडा वाढण्याऐवजी घटला असता तर त्याचा अर्थ कापताना दोन वाहक कुठेतरी एकमेकांना भिडले असा, आणि ते पॅड बसवायचं नाही.

चिकटवताना मागचा कागद एकदम काढू नये. अर्धा काढून मधून बाहेरच्या दिशेने हाताने सपाट करत जावं, मग उरलेला. पॅड फोमला चिकटतं, कव्हरला नाही. फवारणीचा गोंद वापरू नये: वाळल्यावर तो पापडासारखा कडक होतो आणि त्या कडक थरावरच पॅड तुटतं. थर्मोस्टॅटचा फुगवटा बसणाऱ्याच्या वजनाखाली यायला हवा, पण बसायच्या हाडाच्या अगदी खाली नको. टोचतो.

कड्यांऐवजी केबल टाय वापरणारे पुष्कळ आहेत. बैठकीत ते चालून जातात, पण त्यांचं डोकं खाचेत खाली वळवून ठेवावं लागतं, नाहीतर महिनाभराने मांडीला कळतं. पाठीच्या एअरबॅगकडच्या बाजूला मात्र कारखान्याने जे वापरलं तेच वापरायचं.

पाठीचं जुनं पॅड सपाट होतं, ते ठेवलं. फक्त त्याची बाहेरची कड एअरबॅगच्या उशीपर्यंत सरकली होती, ती ३ सेंटिमीटर आत घेतली. एअरबॅग फुटताना कव्हरची एक ठराविक शिवण उसवते आणि आतली कापडी झूल तिला वाट दाखवते. त्या वाटेत पॅड, टेप, वायर काहीही येता कामा नये. झूल मूळ जागी अडकली आहे ना, हे कव्हर बंद करण्याआधी बोटाने चाचपून पाहिलं.

प्रवाशाची सीट

अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०८ या वाहन-सुरक्षा नियमातली, बसणाऱ्यानुसार जोर बदलणाऱ्या किंवा बंद राहणाऱ्या एअरबॅगची अट हलक्या गाड्यांना टप्प्याटप्प्याने लागू होत सप्टेंबर २००६ पासून पुरती लागू झाली. त्यानंतर बहुतेक गाड्यांत पुढच्या प्रवाशाचं वजन ओळखून एअरबॅग चालू किंवा बंद करणारी प्रणाली आली. पण ही अट एकूण अनुज्ञेय वजन ३,८५५ किलो आणि रिकामं वजन २,४९५ किलोपर्यंतच्या ट्रकनाच आहे. म्हणून जड पिकअपमध्ये ही प्रणाली नसूही शकते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. 'पिकअप आहे, नसेलच' किंवा 'नवी गाडी आहे, असेलच' असं धरून चालू नये. डॅशबोर्डवर प्रवाशाच्या एअरबॅगचा वेगळा दिवा आहे का ते पाहावं आणि सीट उलटी करून बघावं.

या गाडीत फोमखाली द्रव भरलेली चपटी पिशवी आणि तिला दाबमापक आहे. पिशवी, फोम आणि नियंत्रक एकमेकांशी जुळवून त्यांचं शून्य, म्हणजे रिकाम्या सीटचं वजन, ठरवलेलं असतं. काही कंपन्या तर हे तिन्ही भाग संच म्हणूनच देतात, सुटे नाही. शून्य ठरवताना कव्हरचा ताणही धरलेला असतो. आधीच्या माणसाने बैठकीत पॅड घातलं, कव्हर जास्त घट्ट खेचलं, कड्याही मूळच्यापेक्षा जास्त मारल्या. तो दाब पिशवीवर कायमचा बसला. रिकाम्या सीटवर प्रणालीला वजन दिसू लागलं, म्हणून घंटी.

घंटी हा त्रास झाला, धोका निराळा आहे. शून्य वर सरकलं की मूलही प्रणालीला मोठं माणूस वाटू शकतं आणि जी एअरबॅग बंद राहायला हवी ती चालू राहते. इथे तडजोड नाही. प्रवाशाच्या बैठकीतलं पॅड काढून टाकलं, कव्हर कारखान्याच्याच जागी, तितक्याच कड्यांनी बांधलं. फोमवर जुन्या कड्यांचे ठसे होते, ते कामी आले. मग स्कॅनरवरून कंपनीच्या पद्धतीने शून्य पुन्हा ठरवलं. ही पद्धत ज्या स्कॅनरमध्ये नाही त्याने नुसता कोड पुसून गाडी परत देणं म्हणजे दिवा विझवणं. तसं करू नये.

मालकाला प्रवाशाची निदान पाठ तरी गरम हवी होती. पाठ वजन-प्रणालीवर येत नाही, त्यामुळे तत्त्वतः हरकत नव्हती. पण याच किटचं पाठीचं पॅड एकटं ठेवता येत नाही. 'लो'वर मार्ग खुंटलेला आणि 'हाय'वर थर्मोस्टॅटच नाही, कारण तो बैठकीबरोबर गेला. चालकाच्या सीटवर अपघाताने जे झालं होतं तेच इथे हाताने केल्यासारखं. म्हणून प्रवाशाच्या पाठीला अंगचा थर्मोस्टॅट असलेलं एकेरी पॅड आणि वेगळा स्विच घेतला.

नवी वीजजोडणी

बॅटरीच्या धन टर्मिनलपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, टर्मिनलपासून १५ सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातल्या जुन्याच रबरी बुशमधून आत घेतली, बाहेरच्या बाजूला तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरवरून आत न येता थेंबाथेंबाने खाली पडतं. पुढे रिलेच्या, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालूबंद करणाऱ्या स्विचच्या, ३० क्रमांकाच्या पिनला. ८७ वरून दोन फाटे: चालकाला ७.५ चा फ्यूज, प्रवाशाला ५ चा. ८५ अर्थला. ८६ ला किल्लीबरोबर येणारी वीज, ब्लोअरच्या फ्यूजच्या जागी जोडफ्यूज, म्हणजे एकाच जागेवरून दुसरा फ्यूज आणि नवा फाटा देणारा जोड, बसवून. रिलेचं वेटोळं पाव अँपिअरपेक्षाही कमी ओढतं, त्यामुळे तिथे २ चा फ्यूज पुष्कळ.

मुख्य फ्यूज १० चाही पुरला असता, कारण एकूण प्रवाह साडेसहाच्या आत आहे. १५ चा ठेवला तो यासाठी की एका सीटमध्ये बिघाड झाला तर तिचाच फ्यूज आधी जावा, दुसरी सीट चालू राहावी. वायर १५ ला पुरून उरते.

जोडफ्यूजला दिशा असते. उलटा बसवला तर नव्या फाट्याचा प्रवाह जुन्या फ्यूजमधूनही जातो. मूळ फ्यूज काढून मीटरने कोणत्या पिनला वीज येते ते पाहावं. तिथून येणारा प्रवाह थेट नव्या फ्यूजला मिळेल असा जोडफ्यूज बसवायचा. ब्लोअर निवडला कारण स्टार्टर फिरताना त्याची वीज तुटते, बॅटरीवर तेवढाच भार कमी. एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिनच्या नियंत्रकाच्या फ्यूजला कधीही हात लावू नये.

अर्थ सीटच्या बोल्टवर घेणं हा नेहमीचा आळस. बोल्टला रंग आणि लॉकचा गोंद असतो, शिवाय सरकत्या रुळातून मिळणारा संपर्क भरवशाचा नाही. सीटखालच्या पत्र्यावरच्या अर्थच्या खुंटीवर, रंग खरवडून, गोल टर्मिनलने अर्थ दिला. मात्र ज्या खुंटीवर एअरबॅगची वायर आहे ती सोडून.

पिकअपच्या सीटखाली काय काय जातं ते जोडणी करणाऱ्याने डोळ्यांसमोर आणावं: साखळी, जॅक, चिखलाचे बूट, धुतानाचं पाणी. रिले आणि कनेक्टर गालिच्यावर टाकून न देता सीटच्या चौकटीला वर बांधले, कनेक्टरची तोंडं खाली. चौकटीपासून जमिनीपर्यंतची वायर पन्हाळीदार नळीत घालून तिला सीटच्या पूर्ण सरकण्याइतकी ढील ठेवली. सीट पार पुढे, पार मागे आणि पाठ पूर्ण आडवी करून वायर कुठे ताणत किंवा रुळात अडकत नाही ना ते पाहिलं. लाइटर सॉकेटची जुनी क्लिप कापून तिथे सोल्डर आणि श्रिंक स्लीव्ह, आणि फ्यूज पुन्हा २० चा.

तपासणी

सीटचे बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळले. एकदाच वापरायचे म्हणून दिलेले बोल्ट नवे घातले. सगळे कनेक्टर बसल्यावरच बॅटरी जोडली, मग किल्ली. जुना कोड पुसला, दिवा विझला आणि पुन्हा आला नाही. प्रवाशाची सीट रिकामी, मग तिच्यावर मोठं माणूस: प्रवाशाच्या एअरबॅगचा वेगळा दिवा दोन्ही वेळा योग्य.

इंजिन चालू, चालक 'हाय': पॅडजवळ १३.६ व्होल्ट, ४ अँपिअर, ५५ वॅट. 'लो': १ अँपिअर, साधारण १४ वॅट. प्रवाशाची पाठ: २.३ अँपिअर. अर्थच्या बाजूची गळती ०.१ व्होल्टच्या आत. किल्ली काढल्यावर रिले टकन सुटतो आणि बॅटरीतून जाणारा प्रवाह जोडणीच्या आधी होता तितकाच.

तापमान रिकाम्या सीटवर अवरक्त बंदुकीने मोजून काही कळत नाही. उघड्या कापडावरची ऊब उडून जाते आणि आकडा कमी दिसतो. सीटवर माणूस बसवून मांडीखाली पातळ प्रोब ठेवला. ८ अंशांवरून सुरुवात, १० मिनिटांत ३६, १४ मिनिटांनी ४१ वर थर्मोस्टॅटने पहिल्यांदा तोडलं आणि मग ३७ ते ४१ मध्ये खालीवर होत राहिलं. पाठ ४० च्या वर गेली नाही. पॅडवर हात फिरवताना एखादाच ठिपका इतरांपेक्षा गरम लागला तर तिथे घडी आहे असं समजून सीट परत उघडायची. इथे तसं काही लागलं नाही.

मालकाने सीटवर जाड, पाणी न शिरणारं रबरी कव्हर चढवायचं ठरवलं होतं. कापडी झाकण चालतं, हे नाही. वरचा थर जाड झाला की ऊब अंगापर्यंत उशिरा येते आणि तोवर खालचं पॅड व फोम जास्त तापून बसतात. प्रवाशाच्या सीटवर तर असं घट्ट ओढलेलं कव्हर वजन-प्रणालीवर पुन्हा तोच दाब आणतं. चालकाच्या सीटला पातळ कापडी कव्हर सुचवलं, प्रवाशाच्या सीटला काहीच नाही, आणि गुडघा टेकवण्याऐवजी मागचं दार उघडायला सांगितलं. ते कितपत पाळलं जाईल याचा भरवसा नसल्याने दर हिवाळ्याच्या तोंडाशी दोन्ही सीटच्या कनेक्टरवर मीटर लावायचं ठरलं: चालकाच्या पॅडचे ६.१ आणि ७.५ हे आकडे कागदावर लिहून फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आत चिकटवले. अर्ध्या ओहमपेक्षा जास्त फरक दिसला तर कव्हर उघडायचं.